नागपूरचे टायर

वर्षातून एकदा गाडी नागपूरला जाते म्हणून तिला नागपूरचे टायर घालायचे, आणि बाकीचं सगळं वर्ष ती ज्या चिखलातून जाते त्याचं नावही काढायचं नाही, हा शहाणपणा आमच्याच घरात निघू शकतो. मला अजून त्या दिवसाची आठवण झाली की तळपायाची आग मस्तकात जाते.

गाडी कागदावर अमरदीपची, माझ्या नवऱ्याची. पण रोज सकाळी तिची चावी मी फिरवते. आम्ही तेलंगणातल्या आदिलाबादला राहतो. अमरदीप तिथंच एका ऑफिसात क्लार्क आहे, घरून चालत जातो. मी मांडवगुड्याच्या मराठी शाळेत शिक्षिका. पूर्वी दोघी होतो, दुसरीची बदली झाली, तिच्या जागी कुणी आलं नाही. जैनथच्या पुढे मारुतीच्या देवळापर्यंत डांबर आहे. तिथून गावापर्यंत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमधून काळी चिकट रेगडी माती आणि मध्ये लेंडी नाला. ऑटोवाला देवळापाशी उतरवतो आणि पाठ फिरवतो. म्हणून तर आम्ही जुनी का होईना, उंच गाडी घेतली. मी शिकले, लायसन काढलं, आणि त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ केला.

पण गाडीत खुशालभाऊजी बसले की मी मागच्या सीटवर.

खुशालभाऊजी म्हणजे अमरदीपचे थोरले भाऊ, माझे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, आणि भासरे सुनेशी. जे काय सांगायचं ते अमरदीपला सांगायचं, मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी. घरात बाबासाहेबांचा फोटो, विहारात दर पौर्णिमेला समतेवर भाषण, तेही खुशालभाऊजींचंच, आणि इकडे हे. सून भासऱ्याला बसवून गाडी चालवते, लोक काय म्हणतील! मग अमरदीप स्टेअरिंगवर, ज्याला अजून उलटी गाडी लावता येत नाही, भाऊजी त्याच्या शेजारी, आणि मी मागं पिशव्यांसोबत.

त्या दिवशीही आम्ही असेच टायरच्या दुकानात गेलो. दुकान गुडीहत्नूरच्या बाजूला, हायवेला लागून. जुने टायर पार घासले होते, त्यात वाद नव्हता. पण भाऊजींना घाई वेगळ्याच कारणाची होती. गेल्या विजयादशमीला दीक्षाभूमीला जाताना हिंगणघाटच्या अलीकडे टायर फुटला, आम्ही पांढऱ्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला उभे, आणि अख्खी भावकी आपापल्या गाड्यांतून हात हलवत पुढं गेली. ते भाऊजींच्या मनाला फार लागलं होतं.

"साहब, ये डालो," दुकानदार म्हणाला. साहब म्हणजे दोघं भाऊ. माझ्याकडे त्यानं खुर्ची सरकवली, संपलं. "ऑल-सीझन है. बारा महीने का टायर. अंदर बैठोगे तो आवाज भी नहीं आएगा."

"अमर, हेच घाल," भाऊजी म्हणाले. "आमच्या सायबाच्या गाडीलेबी मी हेच घालून देल्ले. पोटातलं पाणी हालत नाई."

भाऊजी शिक्षण खात्याच्या ऑफिसात आहेत, आणि त्यांचे साहेब ते माझेही साहेब. मी उठले, त्या टायरच्या नक्षीत बोट घातलं. करंगळीसुद्धा आत जाईना. शेजारी दुसऱ्या जातीचा टायर उभा होता, तोही ऑल-सीझनच, पण त्याच्या खाचा रुंद आणि खोल, अंगठा सहज बसेल अशा.

"अहो," मी अमरदीपला म्हणाले, "भाऊजीले सांगा, याच्या खाचा बारीक हायत. रेगडी त्यात भरली का निंगत नाई. मंग टायर म्हंजे नुसता भोपळा. मले तो दुसरा पाह्यजे."

"वो वाला आवाज करता है मॅडम, हायवे पे," दुकानदार म्हणाला, पण म्हणाला भाऊजींकडे बघून.

भाऊजी वाकले. चष्मा वर करून टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचलं. "अमर, तिले सांग, इथं एम आन एस लिवेल हाय. मड आन स्नो. चिखल आन बर्फ! बर्फातबी चालते हा टायर."

दुकानदार हसला, अमरदीपही हसला. आदिलाबादला बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो. त्या बर्फाची सोय झाली आणि माझी राहिली.

"अहो, त्याईले सांगा, जिथं हे लिवलं तिथल्या मानसानं रेगडी पाह्यलीच नाई," मी म्हणाले. "तीन सीझन सगळ्याईचे असतीन. आपल्याकडं रेगडीचा चौथा हाय."

"अमर, ऑल-सीझन म्हंजे ऑल आलं ना त्यात? आन नागपूरले जातानी सारं रस्ताभर घूं घूं आयकत बसाचं काय? लोकं काय म्हनतीन, ट्रॅक्टर घेऊन आले?"

अमरदीपनं माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे. मग जमिनीकडे. "डालो," तो जमिनीला म्हणाला.

मी परत खुर्चीत जाऊन बसले. गप्प बसायची सवय अशी हाडात असते, माणसाला वाटतं हाच आपला स्वभाव.

नव्या टायरनंतरचा पहिला मोठा पाऊस पितृपक्षात आला. आधी रात्रभर, मग पहाटेही. देवळाच्या पुढे डांबर संपलं आणि गाडी माझी राहिली नाही. रेगडी खाचांत भरली, नक्षी बुजली, चारही चाकं काळी गुळगुळीत. स्टेअरिंग मी उजवीकडे फिरवत होते, गाडी डावीकडे सरकत होती, सावकाश, अगदी मजेत. नाल्याच्या उतारावर ती आडवी झाली आणि एका बाभळीला टेकून थांबली. बाभळ नसती तर मी खालच्या पाण्यात होते. माझे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. खूप घाबरले होते मी, हे कबूल करायला मला लाज नाही.

पंढरीनं बैलजोडी आणून गाडी काढली. पंढरी गावातला शेतकरी, शाळा समितीचा अध्यक्ष, त्याची चंदा माझ्याकडे चौथीत. गाडी निघेपर्यंत दुपार झाली. पोरं पाटी-दप्तर घेऊन कुलूप बघून घरी गेली होती.

आणि नेमका त्याच दिवशी साहेबांचा दौरा जैनथला होता. मांडवगुड्याच्या सरपंचाला फोन गेला, शाळा उघडी आहे का? सरपंच खोटं बोलला नाही. कुलूप आहे, म्हणाला. आता हा फोन केला कुणी? खुशालभाऊजींनी. आणि 'शिक्षिका गैरहजर, शाळा बंद' हे लिहिलं कुणी? तेही त्यांनीच. मी का आले नाही हे विचारायला माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता काय?

संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले. आले! बशीत चहा ओतून फुंकर मारत म्हणाले, "अमर, तिले सांग, सरकारी कामात मी नातं पाहत नाई."

"अहो, भाऊजीले विचारा," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "टायर घेतानी नातं पाह्यलं व्हतं ना?"

अमरदीप म्हणाला, "शुभा, हळू." बस, एवढंच त्याला येतं.

मग भाऊजींनी खरी बातमी सांगितली. साहेब सोमवारी स्वतः मांडवगुड्याला येणार. एकच शिक्षिका, मोजकी पोरं, त्यात शाळा बंद सापडलेली. पुन्हा तसंच दिसलं तर शाळा जैनथच्या तेलुगू शाळेत मिळवून टाकणार. "काऊन एवढं मनाले लावून घेते ती?" ते अमरदीपला म्हणाले. "बरंच हाय. तिले जैनथचं पोस्टिंग भेटन. रस्ता डांबरी, टायरचाबी प्रश्न मिटला."

टायरचा प्रश्न मिटला! दुसऱ्या दिवशी गाडी देवळापाशी ठेवून मी पायी शाळेत गेले आणि हेच पंढरीला सांगितलं, तर तो कुंपणाला टेकला. "बाई," तो म्हणाला, "चंदाच्या मोठ्या बहिनीले मी जैनथच्याच शाळेत घातलं व्हतं. तेलगू काई समजे नाई, पोरं हसत. आन पावसाळ्यात नाला आडवा. घरी बसली ते बसलीच. आता कापूस वेचून राह्यली. चंदाले मी तिथं धाडत नाई. शाळा गेली त तिचंबी संपलं." चंदा तिथंच खडूचा तुकडा उगाळत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. मला तिथं रडू आलं असतं, पण राग जास्त होता, त्यानं रडू अडवून धरलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटी टायरच्या दुकानात गेले.

"चारों निकालो," मी म्हणाले. "वो दूसरा वाला डालो, चौडी खाचवाला."

"मॅडम, अभी तो नया डाला है." दुकानदारानं गाडीच्या मागं-पुढं बघितलं, कुणी पुरुष दिसतो का म्हणून. "साहब आए नहीं? एक बार साहब को फोन लगाता हूँ."

आणि त्यानं खरंच लावला. माझ्यासमोर, माझी गाडी, आणि हा माझ्या नवऱ्याला विचारतोय की तुमची बायको टायर मागते आहे, देऊ का? फोन स्पीकरवर होता. अमरदीप म्हणाला, "थांबा, मी भाऊले विचारतो."

मी दुकानदाराला म्हणाले, "तब तक निकाल के रखो. देखना है, नाली में गिरने से टेढ़ा तो नहीं हुआ." हे त्याला पटलं. तपासायला बाईमाणसानं सांगितलं तरी चालतं. त्यानं गाडी जॅकवर चढवली, चारही चाकं काढली, आणि मी त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. चाकं नसलेली गाडी दुकानातून कुणी हलवू शकत नाही, दुकानदारही नाही, भाऊजीही नाही.

अमरदीप धापा टाकत आला. "भाऊ नाई म्हनते," तो म्हणाला. "नागपूर तोंडावर आलं, म्हनते."

"माह्या शाळेचं काय?"

"शुभा, भाऊले मी काय सांगू?"

"सांगा, का शुभांगी बाभळीले टेकून उभी व्हती. तुमी ते आयकलं, जेवले आन झोपले. मी नाल्यात गेली असती त नागपूरले कोनासंगं गेले असते? या वाक्याचं उत्तर भाऊले विचारून या जा."

दुकानात सगळे ऐकत होते. ऐकू देत. अमरदीपचा चेहरा उतरला. तो चाकांच्या रिकाम्या जागांकडे वळला, आणि मग पहिल्यांदा मान वर करून एक वाक्य बोलला. "भैया, मॅडम जो बोल रहे वो डालो." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढ्याशा वाक्यासाठी मला गाडी जॅकवर चढवावी लागली.

रविवारी पुन्हा पाऊस. सोमवारी सकाळी देवळापुढं रेगडी तशीच वाट बघत होती. नवे टायर डांबरावर घूं घूं करतात, खरं आहे, रेडिओ ऐकू येत नाही. पण रेगडीत शिरल्यावर चाकांनी चिखलाची ढेकळं मागं फेकायला सुरुवात केली, खिडक्यांपर्यंत. खाचा भरत होत्या आणि रिकाम्या होत होत्या. उतारावर गाडी जरा डुलली, आणि मग सरळ नाला ओलांडून पलीकडे गेली. गावात पोचल्यावर मी गाडीच्या बोनेटवर दोन थापा मारल्या.

शाळा उघडली, प्रार्थना झाली, पाढे सुरू झाले. आणि वाटेवरच्या वावरातून पंढरीचा फोन आला. "बाई, सायबाची गाडी देवळाच्या पुढं रुतली. थे म्हनते, रस्ताच नाई त शाळा कायची, वापस चाललो."

पोरांना खिचडी शिजवणाऱ्या चंपाबाईंच्या हवाली केलं आणि गाडी काढली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आम्ही रोज ज्या रस्त्यानं येतो तो रस्ता साहेबांना एकदा दिसला, तर शाळाच नको?

साहेबांची गाडी रस्त्यात तिरपी उभी होती. चारही चाकं काळी गुळगुळीत, मड आणि स्नो. ड्रायव्हर रेस देत होता आणि मागून ढकलत होते खुशालभाऊजी, शर्टावर गळ्यापर्यंत शिंतोडे. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

साहेब तेलुगू माणूस, नवीनच आलेले. "टीचरगारू, आपका ड्राइवर किधर है?" त्यांनी विचारलं.

"मैंच हूँ सर. बैठिए."

ते पुढं बसले. भाऊजींनी इकडं-तिकडं बघितलं. बघून काय, दुसरी गाडी येणार होती काय? मागचं दार उघडून ते माझ्या नेहमीच्या जागेवर बसले. गाडी वळवली, निघालो. साहेब सुरुवातीला वरची कडी धरून होते. नाला ओलांडल्यावर त्यांनी कडी सोडली.

"अच्छा टायर है," ते म्हणाले. "हमारे गाडी को भी यही होना. किसने चुना?"

मी तोंड उघडण्याआधी मागून आवाज आला. "अपने घर की गाडी है सर. हमारे घर में मेरेकू पूछे बिना टायर नहीं आता."

मी ब्रेक मारला.

जागा मी बघून घेतली होती, चढाच्या आधी, मुरुमाच्या पट्ट्यावर. राग आला म्हणून गाडी कुठंही थांबवायला मी काही अमरदीप नाही.

"भाऊजी," मी आरशात बघत म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना थेट हाक मारलेली नव्हती. "हे टायर कोनं निवडले ते सायबाले सांगा. नाई त उतरा."

"अमर..." ते सवयीनं म्हणाले, आणि थांबले. अमर नव्हता. आता काय सांगायचं ते मलाच सांगावं लागणार होतं. "शुभांगी, गाडी चालू कर. साहेब बसेल हाय."

"साहेब बसू द्या. तुमी या टायरले नाई म्हनलं. तुमच्या टायरनं मी नाल्यात चालली व्हती, आन तुमी लिवलं, गैरहजर. काऊन गैरहजर, ते मले इचारलं नाई. इचारलं व्हतं का?"

त्यांनी चष्मा पुसायला काढला. काचेवर पाणी ओघळत होतं. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा मागं बघत होते. "एमैंदी, टीचरगारू?" त्यांनी विचारलं, काय झालं म्हणून.

"कुछ नहीं सर. भाऊजी बता रहे."

मला वाटलं, सांगतील. दोन शब्दांचं काम, शुभांगीनं निवडले. एवढंच म्हटलं असतं तर मी सगळं गिळलं असतं. पण त्यांनी दाराची कडी ओढली, बूट चिखलात ठेवला आणि उतरले. सुनेनं टायर निवडला हे म्हणण्यापेक्षा त्यांना रेगडी बरी वाटली.

मी पहिला गिअर टाकला.

साहेब शाळेत बराच वेळ बसले. पोरांना वाचायला लावलं, गणितं घातली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कोण अडखळतं आणि कोण नाही हे कुठल्याही भाषेत कळतं. चंदानं पुस्तकातलं पान न थांबता वाचलं, आणि मग न सांगता पुढचंही. तिला थांबवायचं माझ्या मनात आलं नाही. दाराशी पंढरी आणि दोन-चार बाया उभ्या होत्या.

भाऊजी आले तेव्हा अनवाणी होते. एक बूट हातात, दुसरा वाटेत राहिला होता. पायांना घोट्याच्या वर रेगडीचे लगदे. पोरं टक लावून बघायला लागली. साहेबांनी त्यांना खुर्चीही दिली नाही, फाईल दिली. "रासुको," म्हणाले, लिहून घे, आणि सांगायला लागले. शाळा चालू. शिक्षिका हजर. शिकवणं चांगलं. शाळा आहे तिथंच राहू द्यावी. रस्त्यासाठी वर लिहावं. भाऊजी उभ्यानं, भिंतीला फाईल टेकून, एक-एक शब्द लिहीत होते. 'शाळा बंद' लिहिलेलं तेच अक्षर, तोच पेन. लिहून झाल्यावर पंढरीनं डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

साहेब अंगणात गेल्यावर मी माठातून लोटा भरला. भाऊजी घरी आले की त्यांच्या पायावर पाणी सूनच घालते. भाऊजींनी सवयीनं पाय पुढं केला. मी लोटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी लोट्याकडे बघितलं, मग वाकून स्वतःचे पाय स्वतः धुवायला लागले. रेगडी लवकर निघत नाही, बोटांनी खरवडावी लागते.

खाली बघतच ते म्हणाले, "शुभांगी, नागपूरले जातानी लय आवाज येईन या टायरचा."

"येऊ द्या," मी म्हणाले. "मी पुढं बसून चालवीन, तुमाले मागं कमी आयकू येईन."